वहिवाट

दादाने फ्रान्स पाहिला होता तो बहुतेक अंधारातच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो नाशिकहून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस करायला आला होता. ९० तासांत १२०० किलोमीटर. भारतातून त्या वर्षी शेकडो सायकलवाले आले होते. त्या प्रवासातलं त्याच्याकडे उरलंय ते शिक्क्यांनी भरलेलं एक कार्ड, आणि रात्री दोन-तीन वाजता घरासमोर टेबल मांडून बसलेल्या माणसांची आठवण. कॉफी, केक, पाणी. पैसे द्यायला गेलं तर घेत नाहीत. "गावाचं नावसुद्धा विचारलं नाही गं मी," तो दर वेळी सांगतो. "कप हातात दिला, प्यायलो, निघालो. त्या आजींचा चेहरा पाहिला तोही हेडलाइटच्या उजेडात."

पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेवून यायचं, हे तेव्हाच ठरलं होतं. ती पुढची वेळ यायला बरीच वर्षं लागली. गेल्या मे महिन्यात तो ल्योंला माझ्याकडे आला आणि आम्ही चार दिवसांसाठी मॉरव्हाँमध्ये गेलो.

बर्गंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर द्राक्षमळे येतात. मॉरव्हाँ त्याच बर्गंडीच्या पोटात आहे, पण तो ग्रॅनाइटचा डोंगराळ मुलूख. जंगल, तळी, पांढरी शारोले गुरं आणि लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. सगळ्यात उंच माथा ओ-फोलँ, ९०१ मीटर. कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण एक चढ संपला की उतार, आणि उताराच्या तळाशी पुढचा चढ तयार. माझ्या सायकलीचे टायर ४२ मिलिमीटर रुंद आहेत, आत ट्यूब नाही. एक पातळ द्रव असतो, काटा घुसला तर तो आतून भोक बुजवतो. हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडावरून उडत नाही, त्याला धरून चालतो. ग्रॅव्हल सायकलीची एवढीच करामत आहे. डांबर संपलं तिथून तिचं काम सुरू होतं.

व्हेझलेहून निघालो. टेकडीवरचं हे गाव जगाला माहीत आहे ते त्याच्या बॅसिलिकामुळे, म्हणजे मोठ्या जुन्या चर्चमुळे. ११४६ मध्ये संत बर्नार्डने इथूनच दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली, आणि स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थाला पायी जाणाऱ्यांची एक जुनी वाट इथूनच सुरू होते. मला मात्र हे गाव फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँचं वाटतं. १९२४ मध्ये गांधीजींचं चरित्र लिहून त्यांची युरोपला ओळख करून देणारा हा माणूस इथून जवळच, क्लामसीला जन्मला आणि १९४४ च्या डिसेंबरअखेर इथे व्हेझलेत वारला. त्याच्या घरासमोर आम्ही दोन मिनिटं थांबलो. दादाने नमस्कार केला, मीही केला.

टेकडी उतरलं की क्यूर नदी लागते आणि वाट पांढरी होते. ही चुनखडीची खडी. उन्हात डोळे दिपतात, सायकलवर पिठासारखा थर बसतो. पुढे दक्षिणेकडे सरकत गेलं की हळूहळू रंग बदलतो. आधी पिवळट, मग करडा, मग कुठेतरी गुलाबी छटा. दादा उतरून खाली बसला आणि मूठभर उचलून त्याने हातावर पसरली. साखरेच्या दाण्याएवढे खडे, मध्ये चमकणारी अभ्रकाची कपची. "अगं, हा मुरूम आहे," तो म्हणाला. मुरूमच तो. आपल्याकडे काळा पाषाण कुजून मुरूम होतो, इथे ग्रॅनाइट कुजून झालाय. काल रात्री पाऊस झाला होता, तरी वाटेवर चिखल नव्हता. पाणी झिरपून गेलं होतं आणि वाट दाबून बसवल्यासारखी घट्ट झाली होती. टायरखाली त्याचा जो आवाज येतो, कुरकुरीत, एकसारखा, तो मी वर्षभर मनात जपून ठेवते.

आणि त्या वाटेला दोन चाकोऱ्या होत्या. आपण चाकोरी हा शब्द आता फक्त नोकरी-संसाराबद्दल बोलताना काढतो. इथे ती डोळ्यांसमोर होती: दोन खोलगट पट्टे, मध्ये गवताची वरंब, दोन्ही अंगांना बोरीबाभळींसारखं दाट काटेरी कुंपण, मे महिन्यातल्या पांढऱ्या फुलांनी वाकलेलं. कुंपणापलीकडून एखादी गाय मान वर करून बघते आणि तुमच्या बरोबरीने कुंपणाच्या टोकापर्यंत चालत येते. मी डाव्या चाकोरीत, दादा उजव्या. कितीतरी वेळ आम्ही असे शेजारी शेजारी चालवत होतो. डांबरी रस्त्यावर हे कधी जमत नाही, तिथे एकाने मागे राहावं लागतं.

बाझोशचा किल्ला झाडीतून दिसला. चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा सेनानी व्होबाँ याने तो १६७५ मध्ये घेतला. त्याच्या तटबंद्यांबद्दल सगळे बोलतात. मला त्याचं वेगळंच एक काम मोठं वाटतं. १६९६ मध्ये त्याने या व्हेझलेच्या टापूचं टिपण तयार केलं, माणसं, जनावरं, जमीन सगळं मोजून, आणि इथली गरीब माणसं सातू-ओटाची कोंड्यासकट भाकर खातात, मांस वर्षातून जेमतेम तीनदा, हे राजाच्या सेनापतीने स्वच्छ लिहून ठेवलं. या वाटांवरून तेव्हा कोण चालत होतं ते त्या कागदावरून कळतं.

दुपारी पाणी संपलं. गावात दुकान नव्हतं, कॅफेच्या दाराला फळी ठोकलेली होती. मी सवयीने सायकल कबरस्तानाकडे वळवली. फ्रान्समध्ये सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं: दुकान नसलं, कॅफे नसला तरी गावाचं कबरस्तान असतं, आणि तिथे फुलांना घालण्यासाठी नळ असतो. दादा फाटकाशीच थांबला. "इथलं पाणी?" त्याने हळू विचारलं. त्याची अडचण मला समजली. मलाही पहिल्या वर्षी बाटली तोंडाला लावताना आईचा आवाज ऐकू आला होता. आत एक आजी झारीने एका कबरीवरच्या जिरेनियमला पाणी घालत होत्या. आम्ही घुटमळतोय हे बघून त्या आल्या, माझ्या हातातली बाटली घेतली, स्वतः भरली, आणि आधी आपल्या ओंजळीत घेऊन प्यायल्या. "माझ्या स्वयंपाकघरातलंच पाणी आहे हे," त्या म्हणाल्या. "एकाच टाकीतून येतं." मग त्यांनी बाटली दादाकडे दिली. त्याने चपला काढल्यासारखे फाटकाबाहेर सायकलचे बूट काढले, आत येऊन पाणी प्यायला, आणि ज्या कबरीपाशी त्या उभ्या होत्या तिला वाकून नमस्कार केला. आजी काही बोलल्या नाहीत. झारी उचलून परत नळाशी गेल्या.

लोर्मला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी माँत्रयोंला उतरलो. इथे दरीवरून एक दगडी पाट जातो, कमानींवर उचललेला, ३३ मीटर उंच. या पाटाला रिगोल द्योन म्हणतात. पानसिएरच्या तळ्याकडून पाणी घेऊन तो २५ किलोमीटर डोंगराच्या कडेकडेने वळसे घालत जातो आणि निव्हेर्नेच्या कालव्याला त्याच्या माथ्यावर पाणी पुरवतो. पाटाला उतार असून नसल्यासारखा, त्यामुळे काठावरच्या वाटेलाही नाही. मॉरव्हाँमध्ये सपाट वाट म्हणजे सणच. आम्ही पाण्याच्या उलट दिशेने चालवत होतो. डाव्या हाताला संथ पाणी, वर बीच आणि ओकच्या कोवळ्या पानांचं छत, आणि आवाज म्हणाल तर दोन साखळ्यांचा. ग्रॅव्हल सायकल घेऊन फ्रान्सला येणाऱ्या कुणालाही मी एकच दिवस सांगायचा झाला तर हा सांगेन.

आणि हे सगळं झालं सरपणापायी. पॅरिसला थंडीत जाळायला लाकूड हवं होतं आणि ते मॉरव्हाँमध्ये होतं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इथले लोक ओंडके तोडून ओढ्यांत सोडायचे. प्रत्येक व्यापाऱ्याची खूण ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने ठोकलेली. ओढ्यांवर बांध घालून पाणी अडवायचं, एका दिवशी सगळीकडून सोडायचं, आणि त्या लोंढ्यावर लाकूड खाली क्लामसीपर्यंत न्यायचं. तिथे खुणा बघून निवड, मग ओंडके बांधून लांबच लांब तराफे, आणि योन नदीतून सेनमार्गे पॅरिस. तराफेवाले माल पोचवून पायी परत यायचे, २०० किलोमीटर. निव्हेर्नेचा कालवा १७८४ मध्ये खणायला घेतला, सेतोंचं धरण १८५४ ते १८५८ मध्ये बांधलं, तेही मुख्यतः याच लाकडासाठी. कोळसा आला, आगगाडी आली आणि धंदा बसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत शेवटचं लाकूड वाहून गेलं.

दादाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माणसं?" माणसंही गेली. लाकडाच्याच वाटेने गेली. मॉरव्हाँच्या बाया दूधआई म्हणून पॅरिसच्या श्रीमंत घरांत जायच्या, स्वतःचं तान्हं सासूच्या किंवा बहिणीच्या हवाली करून. वर्ष-दीड वर्षाने परत यायच्या तेव्हा लेकरू त्यांना ओळखत नसे. त्या पैशातून इथे कौलारू, मोठ्या खिडक्यांची घरं उभी राहिली. लोक अजून त्यांना दुधाची घरं म्हणतात. उलट दिशेने पॅरिसची अनाथ मुलं या खेड्यांत वाढायला यायची. पुरुष बैलजोड्या घेऊन वसंतात निघायचे, दुसऱ्यांच्या जंगलात लाकूड ओढायचे आणि हिवाळ्याच्या तोंडावर घरी यायचे. त्यांना गाल्व्हाशे म्हणत. ऊरूच्या अलीकडे एका चढावर चाकोरी इतकी खोल होती की पेडल दगडाला लागत होतं, उतरून ढकलावं लागलं. तो खळगा ट्रॅक्टरने पडलेला नाही. लोखंडी धावेची चाकं आणि बैलांचे खूर यांनी खडक झिजवलाय.

म्हणून 'शांत फ्रेंच खेडी' असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं आणि आत कुठेतरी टोचतंही. या शांततेत मी सुखाने सायकल चालवते. पण ती पडलीय माणसं उठून गेल्यामुळे. प्रत्येक गावात चर्चजवळ पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. पन्नास उंबऱ्यांचं गाव आणि दगडावर तीस नावं, त्यात एकाच आडनावाची तीन-चार. मी आता ती नावं वाचल्याशिवाय गाव ओलांडत नाही. ऊरूजवळच्या जंगलात तर मुरमाच्या वाटेच्या टोकाला एक लहानसं कबरस्तान आहे: १९४४ च्या प्रतिकार लढ्यातली फ्रेंच पोरं आणि विमान पडून मेलेले ब्रिटिश वैमानिक, एकाच ओळीत. त्या वर्षी जूनमध्ये जर्मन सैन्याने प्लाँशे आणि माँसोश ही गावं जाळली, दँ-ले-प्लासमध्ये २७ माणसं मारली. लढणाऱ्यांना जंगलात भाकरी पोचली ती याच वाटांनी, कारण डांबरी रस्त्यांवर पहारा होता.

तिसऱ्या दिवसाचा बराचसा भाग जंगलातून होता, आणि तिथे मन खट्टू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीने इथली ओक-बीचची राई तोडून डग्लस फरची लागवड झाली. ओळीने उभी झाडं, खाली ना गवत ना पाखरू. चाळीस-पन्नास वर्षं झाली की अख्खा डोंगर एका दमात कापतात. असा एक कापलेला डोंगर आम्ही ओलांडला. यंत्रांच्या चाकांनी वाट गुडघाभर खणून ठेवली होती. जिथे मुरूम होता तिथे काळं पाणी साचलं होतं. हे मला मान्य नाही, आणि इथल्या बऱ्याच लोकांनाही नाही. २००३ पासून काहीजण वर्गणी काढून उरलेली पानगळीची राई विकत घेतात, जेणेकरून ती उभी राहील. सेतोंच्या तळ्यावर पोचलो तेव्हा आम्ही दोघेही गप्प होतो.

चौथ्या दिवशी बवरेच्या डोंगराकडे निघालो. या डोंगरावर बिब्राक्त होतं, गॉल लोकांचं, म्हणजे फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांचं नगर, इसवीसनपूर्व ५२ मध्ये जिथे व्हर्सिंजेटोरिक्सला सगळ्यांचा सेनापती केलं. तिथे पोचायच्या आधी एका वस्तीमागे वाट अचानक अरुंद झाली. नकाशात ठसठशीत रेघ, प्रत्यक्षात मात्र खांद्याला लागणारी झुडपं आणि डाव्या बाजूचं तारेचं कुंपण वाटेच्या निम्म्यापर्यंत पुढे सरकलेलं. झुडपांत एक म्हातारे गृहस्थ कोयत्याने काटे छाटत होते. आम्हाला बघून त्यांनी कोयता खाली ठेवला आणि पहिला प्रश्न केला, "तुम्ही पलीकडून आलात? पूर्ण वाटेने?"

हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी सगळं सांगितलं. ही शमँ र्‍यूराल, म्हणजे गावची वाट. मालकी कम्यूनची, म्हणजे गावच्या पंचायतीसारख्या संस्थेची, पण डांबरी रस्त्याला जसं कायद्याचं कवच असतं तसं हिला नाही. लोकांनी वापर सोडला तर कम्यून ती विकू शकते. शेजाऱ्याने उघडपणे, कुणी न अडवता ३० वर्षं कसली तर तो मालकी सांगू शकतो. आणि वापर असला तर? तर ती वाट सार्वजनिक वापराची आहे असंच कायदा धरून चालतो. शेजारच्याला ही आता विकत हवी होती. "मी रोज सकाळी इथून जातो," ते म्हणाले. "काम काही नसतं. पलीकडे जातो आणि परत येतो."

मला पुढचं काही वेळ ऐकू आलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ओढ्यापासून वरच्या शेताकडे जाणारी पाणंद होती. एक बैलगाडी आणि तिच्या बाजूने एक माणूस, एवढी रुंद. शेजारचा दरवर्षी नांगराचं एक तास आत घ्यायचा. आप्पा रोज पहाटे त्या पाणंदीने जाऊन यायचे, शेतात काम असो नसो, पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन. आई चिडायची. आप्पा म्हणायचे, "वहिवाट मोडू द्यायची नाही." मी लहान होते, मला तो शब्द वहीशी काहीतरी संबंधित वाटायचा. पुढे सगळ्यांनीच वरून डांबरी सडकेने जायला सुरुवात केली, आप्पांचे गुडघे गेले, आणि आता तिथे या बांधापासून त्या बांधापर्यंत ऊस आहे.

"रजिस्टरमध्ये लिहाल का?" ते विचारत होते. अशी वाट विकण्याआधी जाहीर चौकशी घ्यावी लागते. १५ दिवस मेरीमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, एक वही उघडी ठेवतात. कुणीही येऊन त्यात आपलं म्हणणं लिहू शकतो. अजून चार दिवस शिल्लक होते, आणि आज कचेरी बारापर्यंत उघडी होती.

आम्ही मागे फिरलो. त्याच वाटेने, झुडपं अंगावर घेत. कचेरी म्हणजे शाळेच्या जुन्या इमारतीतली एक खोली. सचिवबाईंनी कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली. आधीच्या पानांवर सात-आठ नोंदी होत्या. त्यातली तिरप्या अक्षरातली सगळ्यात लांब नोंद त्या गृहस्थांची असावी. मी फ्रेंचमध्ये तारीख, वेळ, कुठून कुठे गेलो ते लिहिलं आणि पेन दादाकडे दिलं. तो थोडा वेळ थांबला. मग माझ्या ओळींखाली त्याने देवनागरीत लिहिलं: "आज या वाटेने सायकलवरून जाऊन आलो. वाट चालू आहे." खाली नाव आणि नाशिक. सचिवबाईंनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात भाषांतर लिहून घेतलं, आणि दादाने खिशातून काढलेल्या छोट्या डायरीवर, त्याने मागायच्या आत, कचेरीचा शिक्का मारला.

संध्याकाळी ओतँला पोचल्यावर मी आप्पांना वाटेचा फोटो पाठवला आणि फोन केला. सगळी हकिगत सांगितली. ते बराच वेळ फोटो बघत असावेत, पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

"कुंपण डाव्या अंगाने आत आलंय," ते म्हणाले.

"हो."

"छाटल्यावर बैलगाडी जाईल का त्यातून?"

मी डोळ्यांसमोर वाट आणली. दोन चाकोऱ्या, मधली वरंब, आम्ही दोघं शेजारी शेजारी.

"जाईल, आप्पा," मी म्हटलं. "बाजूने एक माणूससुद्धा जाईल."